चार शून्यं उडाल्यावर

माणसाच्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार कोटी जिवाणू असतात. पृथ्वीवर आज माणसं आहेत आठशे कोटींच्या थोडी वर. म्हणजे एका ग्रॅमातल्या जिवाणूंची संख्या जगाच्या लोकसंख्येच्या बारा पट. यातले बहुतेक निरुपद्रवी, आपल्या आतड्यात जन्मभर नांदणारे. पाणी मैल्याने बिघडलंय की नाही हे प्रयोगशाळा ज्यांच्यावरून ठरवते, ते ई. कोलाय जिवाणूही त्याच ग्रॅममध्ये कोटींच्या घरात असतात. संडासातून, मोरीतून, गटारातून शहराच्या वेशीपर्यंत पोचेस्तोवर हा मैला भरपूर पाण्यात मिसळतो. सांडपाण्यात ९९.९ टक्के नुसतं पाणीच असतं. तरीही कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम अर्ध्या पेल्यात, एक कोटी ई. कोलाय सापडले तर प्रयोगशाळेतल्या कोणालाही नवल वाटत नाही.

कोलकाता शहर रोज सुमारे ७५ ते ९० कोटी लिटर सांडपाणी पूर्वेकडे सोडतं. ऑलिम्पिकच्या मापाचे तीनशेहून अधिक पोहण्याचे तलाव रोज भरतील एवढं. त्यातली खालची संख्या धरून गुणाकार केला, तर ७५ कोटी लिटर आणि दर लिटरला दहा कोटी ई. कोलाय. उत्तर येतं ७५ वर पंधरा शून्यं. भास्कराचार्यांनी दिलेल्या अठरा संख्यास्थानांतलं शेवटचं स्थान परार्ध. कोलकात्याच्या नाल्यांतला रोजचा हा हिशेब त्या परार्धाच्या अगदी जवळ जातो.

आणि याच पाण्यावर मासे वाढवले जातात. चोरूनमारून कुठेतरी कोपऱ्यात नव्हे, तर उघडपणे, जवळजवळ शंभर वर्षांपासून आणि जगात इतरत्र क्वचितच आढळेल अशा प्रमाणावर. पूर्व कोलकात्याचा पाणथळ प्रदेश १२,५०० हेक्टरांचा आहे आणि ऑगस्ट २००२ पासून तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. त्यातली सुमारे ४,००० हेक्टर जमीन मत्स्यतळ्यांखाली. या तळ्यांना तिथे ‘भेडी’ म्हणतात. रामसर नोंदीप्रमाणे इथून वर्षाला सुमारे १०,५०० टन खायचे मासे निघतात, शिवाय याच पाण्यावर रोज दीडशे टन भाजी पिकते, आणि मासेमारीवर पन्नास हजार माणसांचं पोट थेट अवलंबून आहे. १०,५०० टन म्हणजे दिवसाला जवळजवळ २९ हजार किलो. भेडीतला मासा फार मोठा होऊ देत नाहीत. सरासरी ३०० ग्रॅमचा धरला, तर रोज साधारण एक लाख मासे शहराच्या बाजारात उतरतात.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. हा मासा खाल्ला तर चालतो का? मी या प्रश्नाकडे कायम आकड्यांच्या बाजूने पाहत आलो आहे, कारण इथे किळस आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किळस डोळ्यांना आणि नाकाला कळते. धोका कळतो तो शून्यं मोजल्यावरच.

बिद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ च्या सुमारास ती मृत म्हणून जाहीर झाली. तोवर या भागात भरतीचं खारं पाणी येई आणि खाऱ्या पाण्यातले मासे होत. नदी मेल्यावर भरती थांबली. तळी ओस पडायला लागली, आणि शेजारच्या कालव्यांतून शहराचं काळं पाणी मात्र वाहत होतं. तिथल्या मत्स्यपालकांनी ते पाणी तळ्यांत घेऊन पाहिलं. चाळीसच्या दशकापर्यंत शहराचं सांडपाणी कुल्टी नदीपर्यंत नेणारे लांबलचक कालवे तयार झाले आणि तळ्यांना वर्षभर पुरवठ्याची खात्री मिळाली. कुठल्या अभियंत्याने आराखडा काढून ही तळी बांधली नाहीत, ती लोकांनी चुकत-शिकत उभी केली. याच पूर्व भागातल्या बेलियाघाटातल्या एका तळ्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉख यांना १८८४ मध्ये कॉलऱ्याचा जिवाणू सापडला होता. त्या काळी शहरातली तळी मरण पसरवत होती. तिथून हाकेच्या अंतरावर पुढे तळ्यांनीच सांडपाणी शुद्ध करायला घेतलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत थक्क करणारं वळण वाटतं.

ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८० च्या दशकात एक साधी चौकशी केली. कोलकात्याला सांडपाणी शुद्धीकरणाचं मोठं केंद्र नाही, मग एवढं पाणी जातं कुठे? पाण्याच्या मागोमाग चालत ते या भेड्यांपर्यंत आले आणि पुढे उभं आयुष्य त्यांनी या पाणथळीसाठी घालवलं. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ५००’ सन्मानाने त्यांच्या कामाची दखल घेतली. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भागातल्या जमिनीचा वापर बदलायला बंदी घातली, आणि २००६ मध्ये तिच्या संरक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ मध्ये गेले.

आता तळ्यात नेमकं काय होतं ते जवळून पाहू. थंडीच्या दिवसांत भेडी उपसतात, तळाचा गाळ उन्हात वाळू देतात, उकरतात, चुना मारतात. मग फळीचं दार उचलून कालव्यातलं काळं पाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे त्याला हात लावत नाहीत. पाणी फार तर छाती-कमरेइतकं खोल. हळूहळू काळ्याचं करडं होतं आणि करड्याचं हिरवं. हे हिरवेपण म्हणजे अतिसूक्ष्म शेवाळ, आणि तेच इथला खरा कामगार. पाणी हिरवं झालं की थोडे मासे सोडून बघतात. ते जगले-तगले, की मग बाकीचं बी सोडतात. त्यानंतर सांडपाणी एकदम आत घेत नाहीत, मापाने घेतात. किती घ्यायचं हे अनुभवी माणूस पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं वासू लागले, की रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपत आल्याचं त्याला कळतं आणि दार बंद होतं.

सगळ्या भेड्यांची सरासरी खोली एक मीटर धरली, तर त्यांत ४,००० कोटी लिटर पाणी मावतं. शहराचं सगळंच्या सगळं सांडपाणी आत वळवलं तरी तळी भरायला पन्नासच्या आसपास दिवस लागतील. या संथपणातच सगळं यश आहे. ४,००० हेक्टरांवर बंगालचं ऊन पडतं. दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण साडेचार ते पाच युनिट, म्हणजे सगळे मिळून १८ ते २० कोटी युनिट ऊर्जा, रोज, फुकट. महाराष्ट्र दिवसभरात जेवढी वीज वापरतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश. शेवाळ त्यातला फार थोडा वाटा वापरतं, पण तेवढ्याने पाण्यात प्राणवायू सुटतो, पाण्यातला कर्बवायू खेचला जातो आणि दुपारपर्यंत पाणी अल्कधर्मी होतं. ऊन, प्राणवायू आणि अल्क या तिघांच्या कात्रीत आतड्यातले जिवाणू सापडतात. ते बिचारे माणसाच्या पोटातल्या अंधाराला आणि उबेला सरावलेले. तळ्यातले सूक्ष्म प्राणी त्यांना खातात, काही गाळाबरोबर खाली बसतात. शेवाळ प्लवंगांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या, पोटात जातं, दोन्ही माशांच्या पोटात जातात, आणि शहराने टाकून दिलेलं नत्र आणि स्फुरद रोहू, कटला, मृगळ, सिल्व्हर कार्प, तिलापिया होऊन परत शहरात येतं.

या तळ्यांची कोलायवर्गी जिवाणू मारण्याची क्षमता ९९.९९ टक्क्यांहून जास्त सांगितली जाते. ऐकायला हा आकडा इतका मोठा वाटतो की विषयच संपावा. पण एक कोटीतून ९९.९९ टक्के वजा करा. चार शून्यं उडतात आणि उरतात एक हजार. १०० मिलिलिटरमागे हजार. लिटरमागे दहा हजार. भारतात नदीत अंघोळीसाठी १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलायवर्गी जिवाणू ५०० पर्यंत इष्ट आणि २,५०० पर्यंत चालवून घेण्याजोगे मानले आहेत. म्हणजे चांगल्या चाललेल्या भेडीचं पाणी अंघोळीच्या पाण्याच्या जवळ येतं, पिण्याच्या पाण्याच्या जवळ मुळीच नाही. तिथे मर्यादा शून्याची आहे.

हा हजाराचा आकडा योगायोगाने आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांडपाण्यावरच्या मत्स्यतळ्यांसाठी हीच मर्यादा घातली होती. २००६ मध्ये तिने या विषयावर अख्खा खंड काढला आणि मर्यादा दोन केल्या. मासा खाणाऱ्याच्या रक्षणासाठी तळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे दहा हजारांपर्यंत ई. कोलाय चालतील. तळ्यात काम करणाऱ्यासाठी मात्र एक हजारच. खाणाऱ्यापेक्षा पकडणाऱ्याचा धोका दहा पट धरला आहे, आणि ते बरोबरच आहे. खाणाऱ्याच्या आणि तळ्याच्या मध्ये चूल असते. जाळं ओढणारा माणूस तासन्तास छातीभर पाण्यात उभा असतो, त्याच्या हातापायांवर चिरा असतात, पाणी तोंडात उडतं. गाळ उपसणाऱ्याचं तर आणखी कठीण. जंताची एक मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते. ती जड असल्याने पाण्यातून खाली बसतात, म्हणजे पाणी स्वच्छ होतं आणि गाळ घाण होतो. माशाच्या सुरक्षिततेवर चर्चा करताना या माणसाचं नाव कोणी घेत नाही, याची मला फार खंत वाटते. रबरी बूट, साबण, स्वच्छ पाण्याचा नळ आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध, एवढ्याने त्याचं आयुष्य बदलतं.

आता मासा हातात घेऊ. निरोगी माशाच्या मांसात जिवाणू जवळजवळ नसतात. कातडीवर, कल्ल्यांत असतात आणि सगळ्यांत जास्त आतड्यात असतात. मासा दिवसभर पाणी गाळून खातो, त्यामुळे तळ्यात जेवढे जिवाणू आहेत त्याच्या कित्येक पट आतड्यात साठतात. इस्राएलमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. पाण्यातली जिवाणूंची संख्या एका पातळीच्या खाली असेल तोवर माशाची प्रतिकारशक्ती त्यांना मांसात शिरू देत नाही. पातळी ओलांडली की बांध फुटतो आणि मांसातही जिवाणू सापडू लागतात. एकदा ते मांसात गेले की मासा दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला तरी पुरत नाही. त्या उपायाने आतडं रिकामं होतं, मांस धुऊन निघत नाही. म्हणून पाण्यातली चार शून्यं माशाच्या जन्मापासून उडालेली हवीत, विकायच्या आदल्या दिवशी नव्हे.

म्हणजे चांगल्या तळ्यातला मासा पाण्यातून निघतो तेव्हा त्याचं मांस बहुधा सुरक्षित असतं. तो बिघडतो तो आपल्या हातात आल्यावर. कोलकात्याच्या बाजारात मासेवाला पायाखाली दाबलेल्या उभ्या बाकदार पात्यावर मासा चिरतो. तिथे त्या पात्याला ‘बोटी’ म्हणतात, आपल्या कोळणीच्या कोयत्याची ती सख्खी बहीण. पहिल्या घावात पोट उघडतं, आतडं बाहेर येतं आणि त्याच पात्यावर पुढचा तुकडा पडतो. आतड्यात कोंडलेलं सगळं पात्यावर, फळीवर, बोटांवर आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत. अनुकूल उबेत ई. कोलायची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. वीस वेळा दुप्पट व्हायला सहा तास चाळीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळात एकाचे दहा लाख. तळ्याने आठवडे घालवून, वीस कोटी युनिटांचं ऊन पिऊन उडवलेली चार शून्यं उन्हात ठेवलेल्या पिशवीत साडेचार तासांत परत येऊ शकतात. तिथल्या बाजारात पोट साफ करायला वेगळं पातं आणि तुकडे करायला वेगळं, एवढा साधा नियम पाळला गेला तर तो शुद्धीकरण केंद्राइतकाच उपयोगी ठरेल असं माझं ठाम मत आहे.

एका बाबतीत भेडीचा मासा नशीबवान आहे. तो शहराला खेटून वाढतो, त्यामुळे कित्येकदा जिवंतच बाजारात पोचतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हंड्यांत पाणी भरून, सायकलीवर लादून तो आडतीवर नेतात, आणि पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून माणूस हाताने ते सारखं घुसळत राहतो. दोनेक हजार किलोमीटर बर्फात प्रवास करून आलेल्या माशाला हे ताजेपण मिळत नाही.

उरलं काम चूल करते. बंगाली घरात मासा आधी हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात खरपूस तळतात आणि मग रश्शात उकळतात. आतपर्यंत सत्तर अंशांच्या वर गेलेल्या तुकड्यातली जिवाणूंची पाच-सहा शून्यं एका झटक्यात उडतात. दहा लाखांतून एखादा उरला तर उरला. शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू माणसाला हगवणीने आडवा करायला पुरतात, म्हणून ही शेवटची शून्यं महत्त्वाची. कच्चा मासा खाणाऱ्या प्रदेशांत याच कारणाने वेगळंच संकट उभं राहतं. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशातून यकृतात शिरणारे चपटे कृमी पित्तनलिकेचा कर्करोग घडवतात. अशा अन्नातून जाणाऱ्या चपट्या कृमींची लागण २००५ च्या अंदाजाप्रमाणे जगात ५.६ कोटी लोकांना होती. बंगालमध्ये, कोकणात, गोव्यात मासा कच्चा खात नाहीत, हे आपलं मोठं भाग्य. सांडपाण्याच्या तळ्यातला मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाणं मात्र कुठेच क्षम्य नाही.

इथवरचा हिशेब दिलासा देणारा आहे. सांडपाण्यात कोटी, तळ्यात हजार, मांसात जवळपास काही नाही, कढईत शून्य. म्युनिकसारख्या जर्मन शहरानेही १९२९ पासून कित्येक दशकं इस्मानिंगच्या तळ्यांत सांडपाण्यावर कार्प मासे वाढवले, तेही याच हिशेबावर. जिवंत शत्रूला वेळ, ऊन आणि आग यांनी मारता येतं.

पण सांडपाण्यात जे जिवंतच नाही, त्याला मारणार कसं?

कोलकात्याच्या टांगरा, तिलजला, तोपसिया या भागांतल्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यांना १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराबाहेर जायला सांगितलं. त्यांच्यासाठी संकुल उभं राहिलं ते बांतल्याला, या पाणथळीच्याच अंगाला. एक टन कच्चं कातडं कमवायला साधारण ३० ते ४० हजार लिटर पाणी लागतं. कातडं क्रोमियमच्या क्षारात भिजवतात, त्यातला साठ-सत्तर टक्के क्रोमियम कातडं पितं आणि उरलेला पाण्याबरोबर निघतो. छपाई, मुलामा, बॅटरी, रंग यांचे छोटे-मोठे उद्योग शिसं, कॅडमियम, पारा सोडतात. रामसरच्या नोंदीतच हा इशारा लिहिलेला आहे की सांडपाण्याच्या कालव्यांत उद्योगांनी सोडलेले धातू गाळात साठतात आणि मासा-भाजीच्या खाण्यायोग्यतेलाच धोका पोचवतात.

इथे शून्यांचं गणित उलटं फिरतं. ई. कोलायची पिढी वीस मिनिटांची. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात शिरला की अर्धा बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. वीस वर्षं धरली, तरी तेवढ्या काळात ई. कोलायच्या सव्वापाच लाख पिढ्या होऊन जातात. तळण्याने कॅडमियम जळत नाही, उकळल्याने पारा मरत नाही, आणि मासा दोन आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवला तरी शिसं निघून जात नाही. शिशाच्या बाबतीत तर रक्तातली अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही.

हे आकडे इतके लहान आहेत की त्यांची भीती वाटत नाही, म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवतो. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा नावाच्या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. माशातल्या मिथाइल पाऱ्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे चाळीस लाखांत एक भाग. आता आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली माणसाची मर्यादा पाहा. शरीराच्या वजनाच्या दर किलोला आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. कायद्याच्या काठावर असलेला मासा त्याने खाल्ला, तर ३८४ ग्रॅममध्ये आठवड्याचा कोटा संपतो. रोज शंभर ग्रॅम मासा खाणारा माणूस चौथ्या दिवशी मर्यादेपलीकडे जातो. वीस किलोच्या मुलासाठी तोच कोटा १२८ ग्रॅमचा, म्हणजे दोन-तीन तुकड्यांचा. मासा कायद्यात बसतो आणि तरीही रोज खाणाऱ्या घराला पुरेसा सुरक्षित ठरत नाही, अशी ही जागा आहे. जिथे मासा रोजचं जेवण आहे, तिथे मासा मर्यादेच्या बराच खाली असायला हवा.

भेडीतल्या माशांचं एक बलस्थान म्हणजे ते अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवर आहेत. रोहू, कटला, सिल्व्हर कार्प शेवाळ आणि प्लवंग खातात, दुसरे मासे खात नाहीत. पारा दर पायरीला साचत जातो, म्हणून मासे खाणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत तो सर्वांत जास्त. शिवाय धातू माशाच्या मांसापेक्षा कल्ल्यांत, यकृतात, मूत्रपिंडात अधिक साठतात. मग तपासणीत मांसाचा तुकडा मर्यादेत निघतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण खाणारा मासा कसा खातो? बंगाली स्वयंपाकात मोठ्या माशाचं डोकं हा मानाचा भाग, त्याचा ‘मुडीघंटो’ होतो. पोटातलं चरबीचं तेल टाकून देत नाहीत, त्याचे वडे तळतात. तपासणी जर फक्त पाठीच्या मांसाची होत असेल, तर ती लोकांच्या ताटाची तपासणी नव्हे.

आणि इथेच मला या विषयातली खरी गोष्ट दिसते. घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी एकाच नाल्यात सोडणं हा मूळ अपराध आहे. घरच्या मैल्याला ऊन आणि शेवाळ पुरतं. त्यात कारखान्याचा एक नळ मिसळला, की तळ्याची शंभर वर्षांची सगळी हुशारी निकामी होते, कारण तळ्याला मारता येतं, वेगळं काढता येत नाही. दोन नळ वेगळे ठेवणं हे मत्स्यपालकाच्या हातात नाही. ते शहराच्या आणि सरकारच्या हातात आहे, आणि बदनाम मात्र मासा होतो.

हे सगळं लांब बंगालमधलं आहे असं वाटत असेल, तर देशाचा आकडा पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे भारताच्या शहरांत रोज ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं सुमारे २,०२३ कोटी लिटर. उरलेलं पाच हजार कोटी लिटरहून जास्त पाणी रोज नद्यांत, खाड्यांत, तलावांत जातं. एवढ्या पाण्याने कोलकात्याच्या सगळ्या भेड्या एका दिवसात भरून वाहतील. या यादीत सांडपाणी निर्माण करण्यात सगळ्यांत वरचं राज्य महाराष्ट्र आहे, रोज सुमारे ९१० कोटी लिटर.

पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, इंद्रायणी, सगळ्या शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे सुमारे ३.३ लाख कोटी लिटर, सगळ्या भेड्यांच्या ऐंशी पट. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार दिसतं ते भेडीसारखंच, त्याच नत्र-स्फुरदाने. फरक असा, की इथे दार उचलायला आणि टाकायला कोणी बसलेलं नाही, पहाटे माशांची तोंडं बघून कोणी पाणी थांबवत नाही, आणि घरांच्या पाण्याबरोबर औद्योगिक वसाहतींचंही पाणी येतं. या जलाशयातली चिलापी (म्हणजे तिलापिया), रोहू, कटला, वांब भिगवणच्या बाजारात येतात. हजारो घरं त्यावर चालतात, आणि महामार्गावर थांबून आवडीने मासे खाणारेही हजारो. मीही त्यांतला एक. उजनीला कोणी सांडपाण्याचं तळं म्हणत नाही, म्हणून तिथल्या माशाबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. कोलकात्यातल्या भेडीबद्दल निदान विचारला तरी जातो.

भिगवणच्या बाजारात एक फलक लावणं अवघड नाही. दर तीन महिन्यांनी चिलापीसारखा शेवाळ खाणारा एक मासा आणि वांबीसारखा दुसरे जीव खाणारा एक मासा घ्यायचा. मांस, यकृत आणि कल्ले वेगवेगळे तपासायचे. पारा, शिसं, कॅडमियम आणि क्रोमियम यांचे चार आकडे, शेजारी कायद्याची मर्यादा आणि त्याखाली साठ किलोच्या माणसाला आणि वीस किलोच्या मुलाला आठवड्यात किती ग्रॅम चालेल हे मोठ्या अक्षरांत लिहायचं. पाण्यातल्या ई. कोलायचा आकडाही द्यावा, पण तो मासेमाराने वाचायचा आहे, कारण पाण्यात उतरणार तो. फलकावरचा धातूंचा आकडा वाढत गेला, तर भीमेच्या वरच्या अंगाला कुठल्या नळातून तो आला हे शोधणं नियंत्रण मंडळाचं काम, आणि ते त्याच्या अधिकारात आजही आहे.